हातातला फोन कुणाच्या मालकीचा?

१

विकत घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची मालकी असते, असे कायदा सांगतो आणि रोजचा व्यवहारही तेच गृहीत धरतो. सायकल घेतली तर ती कोणत्या रंगाने रंगवायची, शिलाई यंत्र घेतले तर त्यावर काय शिवायचे, हे दुकानदार ठरवीत नाही. स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र हा साधा नियम उलटा झालेला आहे. दहा-पंधरा हजार रुपये मोजून घेतलेला फोन काय करील, काय करणार नाही आणि किती वर्षे उपयोगी राहील, हे ठरवण्याचा अधिकार विक्रीनंतरही कंपनी स्वतःकडेच ठेवते. यंत्र आपले, पण त्या यंत्रावरची सत्ता दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. ही सत्ता ज्या आज्ञावलीच्या द्वारे चालते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘कार्यप्रणाली’ म्हटले आहे. ती बदलता येते का, बदलायची तर कशी, आणि बदलल्यानंतर कोणते नवे अडथळे उभे राहतात, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो पोटापाण्याचा व शिक्षणाचा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा ज्याच्या घरात चालणारा फोन त्याचे शिक्षण चालू, आणि ज्याच्या घरात नाही त्याचे बंद, अशी सरळ वाटणी झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’च्या ॲपवर स्वतः करावी, अशी योजना सुरू झाली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी ॲपवर घेणे सक्तीचे झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर, आणि त्यासाठी लागणारा गुप्त क्रमांक फोनवर. म्हणजे हक्काच्या प्रत्येक दारावर आज फोन दाखवावा लागतो. तो फोन जुना असेल, कंपनीने वाऱ्यावर सोडलेला असेल, तर दार अर्धवटच उघडते.

आपल्या वस्त्यांत नवा फोन क्वचित येतो. थोरल्या भावाचा धाकट्या बहिणीकडे, साहेबांच्या घरचा कामवाल्या बाईच्या मुलाकडे, किंवा बाजारातून सेकंडहँड, असाच तो बहुधा येतो. त्यामुळे ‘कंपनीने सोडलेला फोन’ हा प्रश्न सुखवस्तू घराला दोन वर्षांनी नवा फोन घेण्याचे निमित्त वाटतो, आणि आपल्या घरात तोच प्रश्न शिक्षण चालू राहणार की तुटणार, असा होऊन बसतो.

२

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. फोनमध्ये प्रोसेसर असतो, स्मरणपेटी असते, कॅमेरा, स्पर्शाचा पडदा, रेडिओ-लहरी पकडणारे यंत्र असते. हे सारे मुके अवयव आहेत. त्यांना एकमेकांशी जोडणारी, ॲपची मागणी ऐकून त्या त्या अवयवाला कामाला लावणारी, आणि कुणाला काय मिळेल हे ठरवणारी आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. व्हॉट्सॲपला कॅमेरा वापरू द्यायचा की नाही, कोणती माहिती पार्श्वभूमीला राहून बाहेर पाठवायची, कोणते ॲप काढून टाकता येईल आणि कोणते कधीच काढता येणार नाही, हे सारे ती ठरवते. तिला फोनमधले राज्ययंत्र म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भारतातील दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोनांवर गुगलची अँड्रॉइड ही प्रणाली आहे. पण अँड्रॉइड हे गुगलने शून्यातून निर्माण केलेले नाही. त्याचा गाभा लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली आणि जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली होती. आज्ञावली कशी चालते हे पाहण्याचा, ती बदलण्याचा आणि बदललेली इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे, असा तिचा आग्रह. त्यातून एक परवाना तयार झाला. लिनक्स त्याच परवान्याखाली आहे. त्याची अट अशी, की ही आज्ञावली वापरून तुम्ही वस्तू विकलीत तर तिचा मूळ मजकूर मागणाऱ्याला दिला पाहिजे. अँड्रॉइडच्या वरच्या थरांचाही मोठा भाग गुगलने खुला ठेवलेला आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, सायनोजेनमॉड नावाची लोकांनी केलेली प्रणाली उभी राहिली.

ज्ञानाचा मूळ मजकूर उघडा असला की काय होते, याचे हे उदाहरण आहे. ज्या परंपरेत ग्रंथ ऐकण्याचाही अधिकार जन्माने ठरत होता, त्या परंपरेचे चटके सोसलेल्या समाजाला या परवान्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

३

मजकूर उघडा आहे, मग प्रणाली बदलणे अवघड का? कारण फोनच्या दारावर एक रखवालदार बसवलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. फोन चालू करताच सर्वांत आधी तो जागा होतो, पुढे सुरू होणाऱ्या प्रणालीवर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही ते तपासतो, आणि सही असेल तरच तिला आत सोडतो. सही नसेल तर फोन पुढे सरकत नाही.

या रखवालदाराचे एक योग्य कामही आहे, हे नाकारता येणार नाही. चोराने फोन पळवून त्यात भलतेच काही घातले, तर तो अडवतो. पण आपल्या घराला कुलूप असणे वेगळे आणि आपल्याच घराच्या कुलपाची किल्ली बिल्डरकडे असणे वेगळे. आक्षेप कुलपावर नाही. किल्लीच्या मालकीवर आहे.

किल्ली देण्याबाबत कंपन्यांचे धोरण सारखे नाही. गुगलच्या पिक्सेल फोनांचे कुलूप सहसा सहज उघडते. मोटोरोला आपल्या अनेक मॉडेलांसाठी संकेतस्थळावरून सांकेतिक क्रमांक देते. शाओमी खाते उघडायला लावते, अर्ज करायला लावते, काही दिवस थांबवते, आणि अलीकडच्या फोनांवर या अटी अधिक कडक झालेल्या आहेत. विवो आणि ओप्पो यांच्या बहुतेक फोनांना ही मुभाच नाही. सॅमसंगच्या ज्या फोनांचे कुलूप उघडता येते त्यांत एक विलक्षण योजना आहे. आत एक सूक्ष्म फ्यूज असतो. अनधिकृत प्रणाली घातली की तो उडतो आणि पुन्हा कधीच जोडता येत नाही. नंतर कंपनीची मूळ प्रणाली परत घातली तरी फोनवरचा तो डाग जात नाही, आणि सॅमसंगच्या काही सुरक्षित सेवा त्या फोनला कायमच्या बंद होतात. एकदा ‘बाटला’ की बाटला. प्रायश्चित्ताची सोयही नाही.

४

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. नाशिकच्या एम. जी. रोडवर काय किंवा तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर काय, मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. त्याचा अर्थ बहुधा कंपनीचीच प्रणाली नव्याने भरणे एवढाच असतो. आपण बोलत आहोत ते त्याच्या पुढचे पाऊल आहे: कंपनीची प्रणाली काढून तिच्या जागी लोकांनी मिळून केलेली दुसरी प्रणाली घालणे. यांपैकी सर्वांत व्यापक प्रणालीचे नाव लिनिएजओएस. सायनोजेनमॉडच्या संस्थापकांनी काढलेल्या कंपनीने २०१६ च्या डिसेंबरमध्ये काम बंद केले, तेव्हा स्वयंसेवकांनी तेच काम या नावाने पुढे चालू ठेवले. ‘लिनिएज’ म्हणजे वंश. पण या वंशात प्रवेश जन्माने मिळत नाही. काम करील तो त्यातला.

पहिली पायरी ओळखीची. फोनचे बाजारातले नाव पुरेसे नसते. प्रत्येक मॉडेलला एक सांकेतिक नाव असते आणि फाईल त्याच नावाची लागते. रेडमी नोट ७ चे सांकेतिक नाव ‘लॅव्हेंडर’, आणि रेडमी नोट ७ प्रोचे ‘व्हायोलेट’. दुकानात दोन्ही भावंडे वाटतात, पण आतील प्रोसेसर वेगळा. एकाची फाईल दुसऱ्यात घालणे म्हणजे फोन घालवणे. लिनिएजओएसच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या फोनांची यादी आहे आणि प्रत्येक फोनसाठी स्वतंत्र सूचना आहेत. यादीत आपला फोन नसेल तर तेथेच थांबावे. कुठून तरी मिळालेली अनोळखी फाईल घालण्याचा मोह टाळावा.

दुसरी पायरी साठवणीची. कुलूप उघडताना फोनमधले सर्व काही पुसले जाते. हा अपघात नाही, तशी योजनाच आहे. नाहीतर चोराला कुलूप उघडून आतले फोटो वाचता आले असते. म्हणून फोटो, संपर्क, दाखल्यांच्या प्रती, व्हॉट्सॲपचा साठा, हे सारे आधी संगणकावर किंवा मेमरी कार्डावर घ्यावे आणि ते उघडते ना, हे पाहून मगच पुढे जावे. जातीचा दाखला आणि गुणपत्रिका केवळ फोनमध्येच असलेली कितीतरी मुले आहेत. त्यांच्यासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची.

तिसरी पायरी कुलूप उघडण्याची. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की विकसकांसाठीचा दडलेला विभाग उघडतो. तेथे ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डीबगिंग’ ही दोन बटणे चालू करायची. ओईएमचे बटण दिसतच नसेल किंवा दबत नसेल, तर बहुधा कंपनीने किल्ली दिलेली नाही असे समजावे. त्यानंतर फोन संगणकाला केबलने जोडून, कंपनीने ठरवलेल्या पद्धतीने बूटलोडरचे कुलूप उघडायचे. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी आणि केबल चांगली असावी. अर्ध्या कामात वीज गेली किंवा केबल हलली, तर त्रास होतो. संगणक स्वतःचा नसला तरी चालतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला किंवा मित्राचा चालेल, फक्त मालकाची परवानगी घ्यावी.

चौथी पायरी ‘रिकव्हरी’ची. मुख्य प्रणाली चालू नसताना फोनची डागडुजी करणारी ही एक छोटी प्रणाली. लिनिएजओएसची रिकव्हरी आधी बसवायची, तिच्यातून जुना सारा मजकूर पुसायचा, आणि मग मुख्य फाईल संगणकावरून आत ढकलायची. फाईल उतरवून घेताना बिघडलेली नाही ना, हे तिच्याबरोबर दिलेल्या अंकाक्षरांच्या ठशाशी ताडून पाहावे. गुगलची ॲप हवी असतील तर ती वेगळी बसवावी लागतात, आणि तीही नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू होण्याच्या आधी. पहिल्यांदा फोन सुरू व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात घाबरून बटणे दाबू नयेत.

काही इशारे येथेच दिले पाहिजेत. नवी प्रणाली घातल्यावर पुन्हा कुलूप लावण्याचा प्रयत्न करू नये. मोजके फोन सोडले तर परकी प्रणाली आत असताना कुलूप लावणे म्हणजे फोन कायमचा बंद पाडणे. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनांत कर्ज देणाऱ्या कंपनीचे स्वतंत्र कुलूप असते. हप्ते फिटेपर्यंत अशा फोनला हात लावू नये. नाहीतर फोनही जाईल आणि तगादाही मागे लागेल. वॉरंटी चालू असेल तर ती नाकारली जाण्याचा धोका आहे. घरातला एकमेव फोन पहिल्या प्रयोगासाठी कधीही घेऊ नये. आणि आयएमईआय क्रमांक बदलून देतो, असे कुणी म्हणाले तर त्याच्यापासून दूर राहावे. स्वतःच्या फोनची प्रणाली बदलणे हा गुन्हा नाही, परंतु तो क्रमांक बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

५

या खटाटोपाने काय मिळते? पहिले म्हणजे आयुष्य. २०१८ साली भारतात आलेल्या पोको एफ१ या फोनला कंपनीने अँड्रॉइड १० पर्यंत आणून सोडून दिले. लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी त्याच फोनला पुढच्या अनेक आवृत्त्या दिल्या. दुसरे म्हणजे सुरक्षितता: प्रणालीत सापडणारी भगदाडे महिन्याच्या महिन्याला बुजवली जातात. तिसरे म्हणजे मोकळीक: न मागता घातलेली आणि काढता न येणारी ॲप, जाहिराती, यांतून सुटका होते. मात्र अवास्तव अपेक्षा ठेवू नये. दोन जीबी रॅमच्या फोनवर आजची प्रणाली जडच जाणार. फुटलेला पडदा, फुगलेली बॅटरी कोणत्याही प्रणालीने बरी होत नाही. कॅमेरा आणि लहरींच्या यंत्राच्या काही आज्ञावली कंपन्या खुल्या करीत नाहीत, त्यामुळे त्या भागांत उणिवा राहू शकतात.

कार्यकर्त्यांनी आणखी एक भ्रम टाळावा. प्रणाली बदलली की पाळतीपासून मुक्ती, असे नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून, घातक आज्ञावलीच्या मार्गाने, कागदपत्रे घुसवली गेली असा तिचा निष्कर्ष होता. ती आज्ञावली एका ईमेलमधून आत आल्याचे त्या अहवालात म्हटले आहे. असले दार आपणच उघडले तर कोणतीही प्रणाली पुरी पडत नाही. शिवाय उघड्या कुलपाचा फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर त्यात ढवळाढवळ करणे सोपे जाते. ज्याला खरोखर धोका आहे त्याने ग्राफीनओएससारखी प्रणाली पाहावी. ती फक्त पिक्सेल फोनांवर चालते, पण घातल्यावर पुन्हा कुलूप लावता येते, आणि त्या वेळी सही त्या प्रणालीची असते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या जवळची आहे. टाकलेला फोन कुठे जातो? भंगारात जातो. तो फोडणारे, तारा जाळणारे, लिथियमच्या बॅटऱ्या हातांनी काढणारे हात कुणाचे असतात? पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत दलित स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. कचऱ्याचे शेवटचे काम कुणाच्या वाट्याला यावे, हे या देशात अजूनही जात ठरवते. कंपनी जेव्हा चांगल्या यंत्राला चार वर्षांत मोडीत काढते, तेव्हा नफा तिच्या खात्यावर जमा होतो आणि विष आपल्या माणसांच्या फुप्फुसांत.

६

येथवर जे सांगितले ते पहिल्या कुलपाविषयी. ते ज्ञानाने उघडते. दुसरे कुलूप मात्र वेगळ्या जातीचे आहे आणि खरा संघर्ष तेथे आहे.

प्रणाली बदललेल्या फोनवर बँकेचे ॲप उघडले की अनेकदा नकार मिळतो. याचे कारण गुगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही तपासणी. ॲप गुगलला विचारते, हा फोन प्रमाणित आहे काय? फोनचे कुलूप मूळचे आहे काय, प्रणाली मान्यताप्राप्त कंपनीची आहे काय, हे पाहून गुगल उत्तर देते. उत्तर ‘नाही’ आले की ॲप दार लावून घेते. पैशांचे व्यवहार, आधारशी निगडित चेहरा-पडताळणी, अशा ठिकाणी हा अडथळा येऊ शकतो.

या तपासणीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. एखादा जुना फोन, ज्याला तीन-चार वर्षांत एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नाही, जो भगदाडांनी चाळण झालेला आहे, तो केवळ मूळ प्रणाली शाबूत असल्यामुळे या तपासणीच्या सर्वसाधारण पातळीवर उत्तीर्ण होतो. तोच फोन, नवी प्रणाली घालून, चालू महिन्याच्या दुरुस्त्यांसह सुरक्षित केला, तर नापास होतो. म्हणजे विचारले जाते ते कर्तृत्व नव्हे, कूळ. सुरक्षिततेच्या नावाखाली उगमाचे प्रमाणपत्र मागितले जाते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या योग्यतेऐवजी जन्माचा प्रश्न ऐकला, त्यांच्या कानांना हा प्रश्न ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. अर्थात, माणसाचा अपमान आणि यंत्राचा नकार यांना एका तराजूत घालण्याचा उद्देश नाही. परंतु शुद्धतेच्या भाषेत केलेली मक्तेदारी कशी काम करते, हे ओळखण्याची नजर आपल्या अनुभवाने आपल्याला दिली आहे. ती येथे वापरली पाहिजे.

ही मक्तेदारी करारांनी पक्की केलेली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. गुगलची ॲप हवी असतील तर फोन बनवणाऱ्याने बदललेल्या अँड्रॉइडचा एकही फोन विकू नये, अशी जी अट घातली जात होती, तिच्यावरही त्या आदेशात बोट ठेवले होते. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने आदेशातील काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. कुलूप तांत्रिक दिसते, पण ते करारांनी, बाजाराने आणि सत्तेने लावलेले असते, हेच यातून सिद्ध झाले.

भारतात पर्यायाचे प्रयत्न झाले, आणि त्यांचा धडा विसरता कामा नये. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सने सायनोजेनच्या प्रणालीचे भारतातील एकाधिकार घेतले आणि त्या जोरावर वनप्लस या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. खंडपीठाने तो काही दिवसांतच उठवला, पण मोकळीक म्हणून जन्मलेली वस्तूही मक्तेदारीसाठी कशी विकली जाते, हे दिसलेच. त्याच सुमारास आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत इंडस ओएस उभी केली. भारतीय भाषांतून फोन वापरता यावा, हा तिचा हेतू चांगला होता आणि २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांवर ती आली. पुढे तो उद्योग फोनपेने विकत घेतला आणि २०२४ मध्ये त्याचे ॲपचे दुकान झाले. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आश्रयाने तयार झालेल्या ‘भारओएस’चा गाजावाजा झाला. तीही अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावरच उभी होती. आपली भाषा असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. स्वदेशी हे बिरूदही पुरेसे नाही. स्वदेशी सावकारही सावकारच असतो. किल्ली वापरणाऱ्याच्या हाती आली काय, हाच कसोटीचा प्रश्न.

७

नाशिकच्या भूमीत या प्रश्नाचा विचार करताना दोन तारखा आठवतात. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी सुमारे पाच वर्षे लढत राहिले. ती लढाई दर्शनाची नव्हती, समान हक्काची होती. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. एक मार्ग आत जाण्याचा हक्क मागण्याचा, दुसरा मार्ग ते घरच सोडण्याचा. परंतु घर सोडणे म्हणजे एकट्याने उठून चालू लागणे नव्हे, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिले. १९३५ ते १९५६ या एकवीस वर्षांत पक्ष उभे राहिले, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले. त्यानंतर दीक्षाभूमी आली.

फोनची गोष्ट या इतिहासापुढे फार लहान आहे, तरी पद्धत तीच उपयोगी पडेल. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने आपला फोन मोकळा केला, तर तो एक फोन मोकळा झाला. दुसऱ्या कुलपापाशी तोही अडणारच. म्हणून दोन्ही आघाड्यांवर संघटित काम हवे.

पहिली आघाडी ज्ञानाची. वसतिगृह, बुद्धविहार, समाजमंदिर, अभ्यासिका, जेथे मुले जमतात तेथे महिन्यातून एक रविवार जुन्या फोनांसाठी ठेवता येईल. एक संगणक, दोन चांगल्या केबली आणि यादी वाचून सांगणारा एक विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होते. मोबाइल दुरुस्तीचे काम करणाऱ्या तरुणांना यात मानाने बोलवावे. त्यांच्या हातात जे कसब आहे ते पदवीधरांच्या हातात नाही. नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांच्या त्या विद्यापीठाचे विद्यार्थी या प्रश्नाच्या अगदी मध्यावर उभे आहेत. शिक्षकांनी हा विषय प्रकल्प म्हणून द्यावा. या प्रणालींची भाषांतरे स्वयंसेवकच करतात. तेथे आपले लोक गेले, तर फोनच्या पडद्यावर कोणती मराठी उमटावी, पुस्तकी की लोकांच्या तोंडची, हे ठरवण्यातही त्यांचा वाटा राहील.

दुसरी आघाडी हक्काची. मागण्या स्पष्ट आहेत. शिष्यवृत्ती, रेशन, पीक-नोंद, मजुरी अशा कोणत्याही सार्वजनिक सेवेसाठी खाजगी कंपनीचे प्रमाणपत्र असलेला फोन ही अट असू नये. तीच सेवा साध्या ब्राउझरवर आणि कार्यालयाच्या खिडकीवरही मिळाली पाहिजे. कंपनीने दुरुस्त्या देणे बंद केले त्या दिवशी तिने त्या मॉडेलची किल्ली मालकाला द्यावी. बँकांनी गुगलच्या उत्तरावर विसंबून न राहता फोनची सुरक्षितता इतर मार्गांनी तपासावी. ग्राफीनओएससारख्या प्रणालीची खात्री यंत्रातूनच करून घेण्याची सोय तंत्रज्ञानात आज उपलब्ध आहे. या मागण्या स्वप्नाळू नाहीत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या दुरुस्त्या देण्याचे बंधन घातले आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. सरकारने हक्क हा शब्द उच्चारला आहे. त्याला कायद्याचे बळ देणे भाग पाडणे, हे चळवळीचे काम.

विद्यार्थी संघटनांच्या निवेदनांत शिष्यवृत्तीची थकबाकी आणि वसतिगृहाची जागा या मागण्या असतात आणि त्या पहिल्याच राहिल्या पाहिजेत. त्यांच्याखाली ही एक ओळ वाढवावी: ज्या यंत्रावाचून आमचा अर्जही पोचत नाही, त्या यंत्राची किल्ली आम्हाला द्या.